होडीचे यंत्र

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी पुण्याच्या एकतानगरीत घराघरांत शिरले. त्यानंतर खराडीतील आमच्या तरुणांनी रबरी होडी घेण्याचे मनावर घेतले. मुळा-मुठा आमच्याही कुशीलाच वाहते. वाद उरला तो होडीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड मोटारीचा. कुणी यामाहा म्हणे, कुणी सुझुकी, कुणी मर्क्युरी. "फादर, तुम्ही वसईचे, तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी भार माझ्यावर टाकला.

मला थोरल्या भावाची होडी आठवली. मोटार नावाजलेली होती. पुढे तिच्या पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा झिजला. वस्तू तळहाताएवढीही नव्हती; पण ती मिळेपर्यंत अर्धा हंगाम होडी वाळूवर पडून राहिली. वहिनीने त्या वर्षी कानांतले विकले. (मेकॅनिकला दोष कसा द्यावा? तो गावात मुळी नव्हताच!)

आमच्या नदीत तर जलपर्णी. पाणी घेण्याची जाळी तुंबली, की आधी तोच पंखा जळतो आणि मग इंजिन तापते. तेथे नावाचा दबदबा काय कामाचा? १९०९ च्या सुमारास बाजारात आलेले एव्हिनरूड हे केवढे विख्यात नाव. त्या मोटारींचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले.

मी मुलांना सांगितले, किमतीचे कागद बाजूला ठेवा. आधी पुण्यात दुरुस्ती करणारा माणूस शोधा. हा पंखा त्याच्या कपाटात आहे का, आणि भर पावसात तो फोन उचलतो का, ते पाहा.

आठवडाभर ते हिंडत आहेत. दोन ठिकाणी उत्तर मिळाले, "मुंबईहून मागवावा लागेल."