कौतिकआत्या आणि तिच्या बरोबरीची नावं

साखरखेर्ड्याच्या आमच्या घरात बाबांच्या पिढीची नावं घ्यायला बसलं की प्रत्येक नावामागं काहीतरी घडलेलं निघतं. थोरले काका उकर्डा. त्यांच्याआधीची दोन लेकरं दगावली होती, म्हणून हे जन्मले तसे आजीनं त्यांना सुइणीच्या हातून उकिरड्यावर ठेवायला लावलं. शेजारणीनं उचललं आणि पायलीभर ज्वारी घेऊन परत ‘विकलं’. काळाला वाटावं, हे या घरचं नाहीच. पुढं शाळेत, सोसायटीत, मतदार यादीत ते उकर्डाच राहिले आणि त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. त्यांच्या पाठची सुपडाआत्या. तिला सुपात निजवून ते सूप उंबऱ्यावरून ओढलं होतं. आमच्या भागात आणि खाली खानदेशात सुपडू, सुपडा, कचरू, केरबा, दगडू, धोंडू ही सगळी एकाच भीतीची भावंडं. अण्णासाहेब कर्व्यांचंही पाळण्यातलं नाव धोंडोच.

मग देवांची नावं. एक काका शारंगधर. हे नाव पुण्याकडं सांगितलं की लोक दोनदा विचारतात. आमच्याकडं मात्र एकेका गावात दोन-तीन शारंगधर सापडतील. कारण मेहकरचा बालाजी. १८८८ साली मेहकरला खोदकामात विष्णूची ती अवाढव्य काळी मूर्ती निघाली आणि शारंगधर बालाजी म्हणून पंचक्रोशीचं दैवत झाली. शार्ङ्ग म्हणजे विष्णूचं धनुष्य. ते धरणारा तो शार्ङ्गधर. धनुष्याचं कुणाला ठाऊक नसलं तरी नवस ठाऊक होता. त्यांच्यानंतरचे गजानन, शेगावच्या महाराजांचे. महाराजांनी १९१० साली समाधी घेतली आणि पुढच्या दोन पिढ्यांत वऱ्हाडातल्या कुठल्याही ओसरीवर ‘गजानन’ अशी हाक मारली की तीन जण ‘ओ’ देऊ लागले. धाकटे प्रल्हाद, म्हणजे माझे बाबा. गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेतले प्रल्हाद महाराज रामदासी आमच्याच गावचे, त्यामुळं ते नाव शोधायला लांब जावं लागलं नाही.

या सगळ्यांच्या मधोमध कौतिकआत्या. हे नाव ना नवसाचं, ना भीतीचं.

घरात सांगतात ते असं. सुपडाआत्येनंतर आणखी एक मुलगी झाली होती आणि आता पुन्हा मुलगीच. सुईण बाहेर आली ती पदराला हात पुसत, काही न बोलता. पणजोबा ओसरीवर बसलेले. “काय झालं वं?” “लेकच झाली, बाप्पा.” पणजोबा म्हणाले, “लेकच म्हंजे? कौतिक झालं म्हन ना!” बाराव्या दिवशी पाळण्याशी नाव फोडायचा मान आत्याचा, तिनं तेच नाव बाळाच्या कानात सांगितलं. शारंगधरकाकांच्या सांगण्यात पणजोबांच्या हातात चिलीम असे, गजाननकाकांच्या सांगण्यात जपमाळ. घुगऱ्या वाटल्या यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

मूळ संस्कृत शब्द कौतुक. नवल, कुतूहल, आनंदाचा सोहळा असे त्याचे अर्थ. लग्नात हाताला बांधायच्या मंगल कंकणालाही संस्कृतात कौतुक म्हणत. संतांच्या ओव्या-अभंगांत तो कौतुक आणि कवतिक अशा दोन्ही रूपांत येतो. पुण्या-मुंबईच्या लिहिण्यात ‘कौतुक’ हे एकच रूप पक्कं झालं आणि त्याचा अर्थही शाबासकीपुरता आक्रसला. बुलढाणा, जालना, औरंगाबाद आणि खानदेश या पट्ट्यात ‘कौतिक’ बोलण्यात राहिलं आणि माणसाचं नावही झालं. बाईचंही आणि बाप्याचंही! पुढं बाई लागलं की कौतिकाबाई, राव लागलं की कौतिकराव. आपल्याकडं अशी दोन्हीकडं चालणारी नावं थोडीच.

या नावाला साहित्यात मोठी जागा मिळाली ती वऱ्हाडातच. अमरावतीकडचे उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. तिची नायिका कौतिक. नवरा महादेव संसाराला पुरा पडत नाही आणि ही बाई शिवणं, मोलमजुरी करत पोरांसकट घर ओढत राहते. शेळक्यांनी तिला वऱ्हाडी बोली दिली आणि मराठी कादंबरीत ती बोली ताठ उभी राहिली. तिचं नाव शेळक्यांनी मुद्दाम उपरोधानं ठेवलं असं काही जणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्या मुलखात, त्या वयाच्या बाईचं नाव असंच असायचं. त्यांनी शेजारच्या घरातून उचललं असेल. कॉलेजात ‘धग’ अभ्यासाला होती तेव्हा वर्गातली शहरी पोरं “हे कसलं नाव?” म्हणून हसली. मी घरी येऊन आत्याला सांगितलं, तुझ्या नावाचं पुस्तक आहे. तिनं विचारलं, “तिचं भलं होतं का शेवटाला?” मी गप्प बसलो. “मंग कायले लिवलं?” म्हणाली आणि ज्वारी पाखडायला लागली. ‘धग’वर मी पुष्कळ समीक्षा वाचली, पण शेवटाबद्दलची एवढी थेट तक्रार कुठं वाचली नाही.

पुरुषांतलं ठाऊक असलेलं नाव म्हणजे मराठवाडा साहित्य परिषदेचे कौतिकराव ठाले पाटील. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं तेव्हा साहित्य महामंडळाचे अध्यक्ष तेच होते. टीव्हीवर त्यांचं नाव आलं की बाबा हातातलं काम टाकून सांगायचे, “आपल्या बाईचं नाव!” संमेलनात कोण काय बोललं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

सासरी आत्याला नावानं हाक मारणारं कुणीच नव्हतं. तिथं ती ‘साखरखेर्ड्यावाली’. लग्नात तांदळात नवं नाव लिहायची चाल आमच्याकडं नव्हती म्हणून नाव बदललं गेलं नाही, एवढंच. पण ते वापरात होतं फक्त माहेरी. दिवाळीला ती लव्हाळा फाट्यावर एसटीतून उतरली की काकांपैकी कुणीतरी बैलगाडी घेऊन गेलेलं असे आणि गाडी अंगणात शिरायच्या आधीच आजीचा आवाज यायचा, “आली का वं कौते?” चार दिवस घरात कौती, कौते, कौतिके असं चालायचं. जवसाची चटणी, कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी. सासरी हेच रोज खात असली तरी इथं ते तिच्यासाठी म्हणून केलेलं असायचं. रात्री ओसरीवर भावंडं ओळीनं बसायची आणि उकर्डाकाका सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

कागदांनी मात्र या नावाचा छळ केला. एका बँकेनं ते कौशिक केलं, रेशन कार्डावर कौतुक झालं आणि एका अर्जावर तर नावाआधी ‘श्री’ लागून आत्याचा बाप्या झाला. निराधाराचे पैसे अडकले तेव्हा तीन कागदांवरची तीन माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आत्याला त्याचं फार वाईट वाटलं नाही. गावानं याहून मोठा प्रकार पाहिलेला आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामानं मुबारिजखानाला इथंच, आमच्या गावाशी हरवलं आणि विजयाची खूण म्हणून गावाचं नाव फतेहखेर्डा केलं. हैदराबादची सत्ता या लढाईतून उभी राहिली. इंग्रजांच्या गॅझेटियरातही गाव त्याच नावाखाली नोंदलेलं आहे. गावानं मात्र ते नाव तोंडी बसू दिलं नाही. निजाम गेला, गॅझेटियर कपाटात गेलं, आम्ही साखरखेर्ड्याचेच.

कौतिक हे नाव मात्र कुणी न बदलता गेलं. बाबांच्या पिढीच्या लेकी झाल्या त्या सुनंदा, शोभा, आशा, लता. रेडिओ आणि सिनेमा घरात आला होता. आमच्या पोरी आणखी पुढच्या. उकर्डा, सुपडा गेली त्याचा आनंदच आहे. लेकरं दवाखान्यात जन्मायला आणि जगायला लागली म्हणून ती गेली. कौतिक जायला असं कारण नव्हतं. ते जुनाट वाटलं, बस्स.

हे नाव जाण्याची मला रुखरुख वाटते ती वेगळ्या कारणानं. सिंदखेडराजा हे आमच्या तालुक्याचं गाव. १५९८ साली तिथं जिजाऊ जन्मल्या तेव्हा लखुजीरावांनी हत्तीवरून साखर वाटली असं आमच्याकडं घरोघर सांगतात आणि दर १२ जानेवारीला गर्दी लोटते. आणि याच बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं ८५५ मुली निघाल्या. २००१ साली त्या ९०८ होत्या. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ’साठी देशातले पहिले शंभर जिल्हे निवडले, त्यात बुलढाण्याचं नाव होतं. २०११ मध्येच साताऱ्याकडं नकुशी, नकोशी अशी नावं असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. माझे पणजोबा अंगठेबहाद्दर, तिसऱ्या नातीला त्यांनी कौतिक म्हटलं. सोनोग्राफीवाल्या शिकलेल्या पिढीनं तिसरी काय, दुसरीलाही येऊ दिलं नाही.

आत्या गेली. तिच्या भावंडांतले आता दोघंच आहेत. गेल्या वर्षी पुतण्याला मुलगी झाली तेव्हा घरातली सगळी मोबाइलवर नावांच्या याद्या पाहत बसली; वेगळं हवं, लहान हवं, अर्थ चांगला हवा, वर्गात दुसरीचं नसावं. मी कौतिक सुचवलं. सुनेनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “शाळेत चिडवतील.” नाव स्वरा ठेवलं. चांगलं नाव आहे. तिच्या बालवाडीत आणखी दोन स्वरा आहेत.

तुमच्या घरात कुणी कौतिका, सुपडा, शारंगधर, उकर्डा अजून असतील तर हे नाव कुणी ठेवलं आणि त्या दिवशी घरात काय घडलं होतं ते त्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. आणि घरी मुलगी झाली, तर कौतिक हे नाव सध्या मोकळं आहे.