मान धरेपर्यंत, आणि त्यानंतर

घरात तान्हं बाळ असलं की त्याला उचलायला पुढे होणाऱ्या प्रत्येकाला एकच सूचना मिळते: मान सांभाळ. शेजारची शाळकरी मुलगी असो की चार नातवंडं खेळवलेले आजोबा, डोक्याखाली तळहात गेल्याशिवाय बाळ कुणाच्या हाती दिलं जात नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरतं आणि मग ही सूचना हळूहळू बंद होते. गाडीत बाळासाठी कार सीट निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथे दिसतं. मान धरली म्हणजे मान तयार झाली, असं आपण मानून चालतो. खरं तर तोवर स्नायूंना डोकं पेलण्याइतकं बळ आलेलं असतं. हाडं अजून बरीच मागे असतात. जन्मावेळी डोकं शरीराच्या लांबीचा जवळपास चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा उरतं. लहानपणी मानेचा मणका म्हणजे कूर्चेने जोडलेले हाडाचे तुकडे असतात आणि ते एकजीव व्हायला तिसरं ते सहावं वर्ष उजाडतं. म्हणजे घरभर पळणारं दीड वर्षाचं मूलसुद्धा डोक्याने जड आणि मानेने कच्चंच असतं. सीट घेताना बघायचं ते हे कच्चेपण. कापड, रंग, खोक्यावर छापलेलं वय यांचा क्रम त्यानंतर लागतो.

जन्मापासून साधारण बाराव्या वर्षापर्यंत मूल गाडीत चार प्रकारे बसतं. आधी मागच्या काचेकडे तोंड करून, खोलगट सीटमध्ये. मग पुढे तोंड करून, खांद्यांवरून आणि कमरेवरून येणाऱ्या पट्ट्यांत. मग मुलाला वर उचलणाऱ्या बूस्टरवर, गाडीचाच बेल्ट लावून. आणि शेवटी नुसत्या बेल्टने. आपल्याकडे मुलाच्या प्रत्येक पुढच्या पायरीचं कौतुक असतं. बसायला लागलं, रांगायला लागलं, पाऊल टाकलं, असे फोन गावोगावी जातात, आणि शेजारच्या बाळाने ते महिनाभर आधी केलं असेल तर घरात थोडी चुळबुळही होते. गाडीतली बढती मात्र उलट्या हिशेबाची आहे. मागचं तोंड पुढे झालं, पट्टे जाऊन बूस्टर आला, बूस्टर जाऊन नुसता बेल्ट राहिला, की दर वेळी थोडं संरक्षण कमी होतं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: वाढत्या मुलासाठी सीट निवडायची म्हणजे यातली प्रत्येक बढती शक्य तितकी लांबवता येईल अशी निवडायची.

मागे तोंड करून बसवण्यामागचं कारण समजायला स्वीडनला जावं लागतं. तिथले संशोधक बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. उड्डाणाच्या वेळी येणारा जोर सगळ्या पाठीवर पसरावा अशी त्यांची रचना होती. तोच विचार मुलांसाठी वापरून त्यांनी व्होल्वोच्या गाडीत १९६४ मध्ये मागे तोंड असलेली सीट करून पाहिली. समोरासमोर धडक बसते तेव्हा गाडी थांबते, पण आतलं सगळं पुढे जात राहतं. मूल पुढे तोंड करून बसलेलं असेल तर पट्टे छाती आणि कंबर धरून ठेवतात. डोकं कुणीच धरलेलं नसतं. ते पुढे झेपावतं आणि त्याचा सगळा ओढा मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात, मान फारशी ताणली जात नाही. बाळाला घेताना डोक्याखाली गेलेला तळहात जे करतो तेच ही सीट करते, फक्त हाताला न पेलणाऱ्या वेगाला. मागून धडक बसली तर काय, असा प्रश्न रास्त आहे. तेव्हा ही मांडणी तितकी उपयोगी पडत नाही. पण जीवघेण्या धडकांमध्ये समोरच्या धडकांचा वाटा मोठा असतो, आणि मागून आदळणारं वाहन बहुधा त्याच दिशेने चाललेलं असल्यामुळे दोन वेगांमधला फरकच तेवढा अंगावर येतो.

आपल्याकडे या सीटची खरी स्पर्धा दुसऱ्या कंपनीच्या सीटशी नसते, मांडीशी असते. आईच्या किंवा आजीच्या मांडीवर बाळ शांत असतं, दूध पितं, झोपतं. तिथून काढून त्याला पट्ट्यांत बांधणं घरातल्या वडीलधाऱ्यांना निष्ठुरपणाचं वाटतं. त्यांच्या मायेबद्दल वाद नाही, हिशेब बघावा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. हा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, आणि तोही बेसावध असताना. द्रुतगती मार्गावर १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत वेग दुप्पट असतो आणि धडकेतली ऊर्जा चौपट. शिवाय मांडीवर घेणाऱ्याने स्वतः बेल्ट लावला नसेल, आणि मागच्या सीटवर तो सहसा लावलेला नसतो, तर बाळ पुढची सीट आणि मोठ्या माणसाचं अंग यांच्या मध्ये सापडतं. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तरी चिरडणं तेच. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९७७ मध्ये मुलांच्या सीटची सक्ती करणारा कायदा केला, तो त्या देशातला पहिला. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांनी त्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला होता. पण मंजूर होताना त्यात एक पळवाट घुसली: मोठ्या माणसाने हातात धरलेल्या मुलाला सूट. सँडर्स या दुरुस्तीला ‘मूल चिरडणारी’ म्हणत, आणि १९८१ मध्ये ती काढून टाकेपर्यंत ते स्वस्थ बसले नाहीत. मांडीचा मोह आपल्यापुरता नाही, हे यावरून दिसतं.

मागे तोंड किती काळ ठेवायचं, यावर मात्र पुराव्याचा खरा वाद आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दोन वर्षांखालची मुलं मागे तोंड करून बसल्यास कितीतरी पट सुरक्षित असतात, असं म्हटलं होतं. ‘पाचपट’ हा आकडा तेव्हापासून जगभर फिरला. दहाएक वर्षांनी त्याच्या आकडेमोडीत दोष निघाला, तो निबंध मागे घेतला गेला. २०१८ च्या फेरतपासणीत असं दिसलं की व्यवस्थित बांधलेल्या या वयाच्या मुलांना गंभीर इजा दोन्ही प्रकारांत इतक्या कमी वेळा होते की तेवढ्या आकड्यांतून फरक ठामपणे सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी आपल्या सल्ल्यातली दोन वर्षांची रेघ पुसली. पण सल्ला उलटा केला नाही. सीट पेलेल तितकं वजन आणि तितकी उंची होईपर्यंत मागेच तोंड ठेवा, असा तो झाला. ज्यांना आकडे हवेत त्यांना हे पळवाटेसारखं वाटेल. मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं. पाचपट म्हणायला आधार उरला नाही, पण धडकेचं यंत्रशास्त्र, मणक्यांची वाढ आणि स्वीडनमध्ये तीन-चार वर्षांपर्यंत मुलांना मागे तोंड करून नेण्याचा दीर्घ अनुभव, हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. आणि वेगळी साक्ष हवी असेल तर ती गाड्यांच्या कंपन्यांचीच आहे. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाचे पुतळे मागे बसवले होते. मुलांच्या सुरक्षेचे चांगले तारे मिळवणाऱ्या अनेक गाड्यांत तीन वर्षांचा पुतळाही मागेच तोंड करून होता. गुण मिळवायचे असताना कंपन्या हा मार्ग धरत असतील, तर आपण मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला सीट फिरवण्याची घाई का करावी?

ही घाई पुष्कळदा खोक्यावरचा मजकूरच करायला लावतो. युरोपच्या जुन्या आर-४४ नियमात सीटची विभागणी वजनावर होती आणि नऊ किलोपासून पुढे तोंड करण्याची मुभा होती. आपल्या बाजारात या शिक्क्याच्या सीट भरपूर आहेत. गुटगुटीत बाळ आठव्या-नवव्या महिन्यातच नऊ किलो गाठतं, आणि त्या कौतुकात एक गोष्ट निसटते: वजन वाढलं म्हणून मणके लवकर जुळत नाहीत. नव्या आर-१२९ नियमाने ही चूक सुधारली. तो उंचीवर चालतो आणि पंधरा महिन्यांआधी पुढे तोंड करूच देत नाही. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न ‘कितव्या महिन्यापासून’ हा नसावा. ‘मागे तोंड करून कमाल किती किलोपर्यंत’ हा असावा. तान्ह्या बाळाची, कडी धरून उचलता येणारी सीट १३ किलोच्या आसपास संपते, आणि बहुतेकदा त्याआधीच डोकं तिच्या वरच्या कडेला टेकतं. मागे किंवा पुढे, दोन्हीकडे तोंड करून बसवता येणाऱ्या काही सीट मागे तोंड करून १८ किलोपर्यंत चालतात. पैसे एकदाच घालायचे असतील तर ते इथे घालावेत, फक्त तान्हं बाळ तिच्यात नीट मावतंय ना, ते आधी पाहून.

मागे तोंड केलं की पाय दुमडतात, ही तक्रार दीड-दोन वर्षांपासून सुरू होते, आणि ती मुलांपेक्षा मोठेच जास्त करतात. एरवी हीच मुलं जमिनीवर मांडी घालून, उकिडवी, पाय वर घेऊन तासन्‌तास खेळत असतात. समोर तोंड असलेल्या मुलाचेच पाय धडकेत हवेत फेकले जाऊन पुढच्या सीटवर आदळतात. रडण्याची तक्रार मात्र खरी आहे. काही बाळं सीटमध्ये ठेवताच आकांत मांडतात आणि खंबाटकी घाटाच्या वळणावर तो आकांत ऐकत गाडी चालवणं सोपं नाही. त्यावर उपाय एकच, कंटाळवाणा: गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, बाळाला बाहेर काढायचं, पाजायचं, पुन्हा बसवायचं. प्रवास लांबतो. तसाही तो लांबायलाच हवा, कारण या सीटचीही एक मर्यादा आहे. अर्धवट बसत्या स्थितीत फार वेळ राहिलं तर नवजात बाळाचं डोकं छातीवर कलंडून श्वास कोंडू शकतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत दर अर्ध्या-पाऊण तासाने थांबावं, आणि घरी पोचल्यावर झोपलंय म्हणून त्याला त्याच सीटमध्ये राहू देऊ नये. महिने भरण्याआधी जन्मलेल्या बाळाबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबचा प्रवास नकोच.

बसवण्याच्या बाबतीत थोडक्यात. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी, कधीच ठेवू नये. एअरबॅग फुगते ती थेट बाळाच्या डोक्यामागे. गाडीत सीट थेट अडकवण्यासाठीच्या आयसोफिक्सच्या कड्या असतील तर त्या वापराव्यात. नसतील तर सीट गाडीच्या बेल्टने घट्ट आवळावी. बाळाचा पट्टा खांद्याजवळ चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बकलचं लोखंड चटका देईल इतकं तापतं. आधी स्वतःचा हात लावून बघावा.

बूस्टरचा काळ मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. पाच-सहा वर्षांचं मूल शाळेत जातं, वाद घालतं, त्याला ‘बाळाची सीट’ नको असते. आईवडीलही दमलेले असतात. पण मोठ्यांचा बेल्ट मोठ्यांच्या हाडांसाठी बनवलेला आहे. अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये केलेल्या त्या तीन टोकांच्या पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यावर अडकतो. मुलांत तो उंचवटा दहाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत पुरता तयार नसतो, त्यामुळे धडकेत पट्टा वर सरकून पोटात रुततो, आणि वरचा भाग मानेला काचतो म्हणून मूल तो आधीच काखेखाली घेऊन बसलेलं असतं. बूस्टर मुलाला वर उचलतो आणि पट्टा हाडावर आणतो, इतकंच त्याचं काम. ते उंची १४५ सेंटिमीटरच्या घरात जाईपर्यंत लागतं. आपला कायदा इथे ढिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९४-ब चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट ‘किंवा’ बालआसन असा पर्याय देतं आणि ते मोडल्यास हजार रुपये दंड सांगतं. कोणत्या उंचीला काय, हे पालकांवर सोपवून मोकळं होतं.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. ज्या देशात मुलं आईबापांच्या मध्ये दुचाकीवर दाबून बसतात, रिक्षातून शाळेत जातात, तिथे हा सगळा काथ्याकूट मूठभर गाडीवाल्यांचा शौक ठरत नाही का? दुचाकीवरच्या मुलाचा धोका मोठा आहे, हे मान्यच आहे. चार वर्षांखालच्या मुलांना हार्नेस, त्यातल्या नऊ महिन्यांवरच्यांना हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागूही झाला आहे, रस्त्यावर तो दिसत नाही ही गोष्ट निराळी. पण एका मुलाची असुरक्षितता दुसऱ्याला उघडं ठेवून कमी होत नाही. गाडीसाठी लाखो रुपये मोजणाऱ्या, सनरूफसाठी वरचं मॉडेल घेणाऱ्या घराने सीट महाग म्हणणं मला पटत नाही. ज्यांनी जुनी छोटी गाडी हप्त्यांवर घेतली आहे, त्यांना मात्र ती खरोखर महाग आहे. त्यांच्यासाठी आपल्याकडची जुनीच रीत कामाची आहे: बाळाला पहिली झबली-टोपडी नात्यातल्या मुलाची, वापरून मऊ झालेली घालतात. सीटही अशी घरोघर फिरू शकते, पण काही अटींवर. तिच्या तळाशी उत्पादनाची तारीख कोरलेली असते. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होतं, म्हणून कंपन्या साधारण सहा ते दहा वर्षांची मुदत देतात, ती उलटलेली नसावी. पट्टे विरलेले नसावेत, माहितीपुस्तिका सोबत असावी. आणि ती कुठल्याही अपघातात सापडलेली नसावी, मग वरून तडा दिसो वा न दिसो. मामेबहिणीला हे तोंडावर विचारता येतं. मोबाइलवर अर्ध्या किमतीत सीट विकणाऱ्या अनोळखी माणसाच्या उत्तराची खातरजमा करायचा मार्ग नसतो; ती कितीही नवी दिसली तरी घेऊ नये.