लिहिताना हात वळतो, मग इंजेक्शन कोणाला लागू पडतं?



मला रायटर्स क्रॅम्प आहे हे शाळेत कळल्यापासून एकच प्रश्न येतो, "बाई, ते इंजेक्शन घेतलंत, गुण आला का हो?" नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. तुमचाही हात लिहिताना वळत असेल, तर पैसे खर्च करण्याआधी काय पाहायचं ते आज सांगते.

या आजारात पेन धरलं की बोटं आवळतात, मनगट वाकतं, नाहीतर एखादं बोट पेनावरून उठून ताठ उभं राहतं. माझा तोच हात पोळ्या लाटतो, भाजी चिरतो, फळ्यावर खडूनंही बरा चालतो. म्हणून बघणाऱ्याला नाटक वाटतं! मुळात हा मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांमधला बिघाड आहे, डॉक्टर त्याला डिस्टोनिया म्हणतात.

इंजेक्शन असतं बोट्युलिनम टॉक्सिनचं, म्हणजे आपण बोटॉक्स म्हणतो तेच. ते नसेचा संदेश स्नायूपाशी अडवतं आणि स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. मेंदूतला बिघाड मात्र तसाच राहतो.

नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. खरं औषध मिळालेल्या २० जणांपैकी १४ जणांना फायदा वाटला आणि त्यांनी उपचार पुढे चालू ठेवायचं ठरवलं. ज्यांना नुसतं औषधाविना इंजेक्शन दिलं होतं, त्या १९ पैकी ६ जणही तसंच म्हणाले. वर्षभरानंतर या सगळ्यांतले निम्मेच लोक उपचार घेत होते. म्हणजे औषध काम करतं, पण सगळ्यांवर नाही. मग कोणावर?

माझ्या डॉक्टरांनी सांगितलेली आणि मला पटलेली गोष्ट अशी: हात एकाच ठरावीक दिशेनं वळत असेल, विशेषतः मनगट स्पष्टपणे वाकत असेल, तर आशा जास्त. कारण मग दोषी स्नायू नेमके धरता येतात. कोपरापासून मनगटापर्यंत वीसेक स्नायू आहेत. सगळीच बोटं आवळत असतील, वळण दर ओळीला बदलत असेल, तर सुई टोचायची कुठे?

त्यात एक गंमत आहे. आपण नकळत हाताला उलट दिशेनं ओढून सावरत असतो. डॉक्टरांनी त्या सावरणाऱ्या स्नायूलाच सैल केलं तर लिहिणं आणखी बिघडणार. म्हणून मला डाव्या हातानं लिहायला लावलं होतं. मी डाव्यानं 'शाळा' लिहीत होते आणि रिकामा उजवा हात आपोआप मनगटात आत वाकला! माझं लक्ष तोवर अंगठ्यावर होतं. डाव्यानं लिहिताना उजवा हात वळला तर मूळ दोष कुठला ते ओळखायला मदत होते. प्रत्येकाचा वळेलच असं नाही.

दुसरं म्हणजे अशक्तपणा. पहिल्या वेळी माझं मनगट इतकं ढिलं पडलं की दोन आठवडे कुकरचं झाकण लावता येईना. पुढच्या वेळी मात्रा कमी केली आणि बरं जमलं. मला निकालपत्रकावर सह्या करायच्या असतात, त्यापुरतं हे चालतं. माझ्या ओळखीच्या एक बाई संगीत शिकवतात, पेटी वाजवतात. बोटांतला तेवढासा ढिलेपणाही त्यांना परवडेना. दोनदा घेऊन त्यांनी सोडून दिलं, आता जाड पेन वापरतात. त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी लिहितानाचा व्हिडिओ दोन्ही बाजूंनी काढून न्या. आणि पहिल्याच इंजेक्शनवरून निकाल लावू नका, मात्रा आणि जागा जुळायला एक-दोन खेपा लागतात.

पालकहो, मुलाचा हात लिहिताना दुखतो म्हटलं की लगेच हेच समजू नका. हा आजार बहुतेकदा तिशी-पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. आधी पेनाची पकड, बाकाची उंची बघा. पण मुलाचा हात सारखा वळत असेल, किंवा चालताना पायही वाकडा पडू लागला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. लहानपणी सुरू होणारा डिस्टोनिया इतर अवयवांत पसरू शकतो.

माझ्या आधीच्या इंजेक्शनची मुदत संपत आलीय. पुढचं वार्षिक निकालाच्या तीन आठवडे आधी घेणार आहे, म्हणजे सह्यांच्या दिवसांत हात बरा असेल.