पणजोबांचे कागद

आमच्या सूनबाईला इटलीचें नागरिकत्व घ्यावयाचें आहे, असें चिरंजीवांनीं प्रथम सांगितलें, तेव्हां मला हसूं आलें. तिचा जन्म न्यू जर्सींतला, तिच्या वडिलांचाही इथलाच. इटालियन म्हणून तिला जें येतें तें बहुतेक स्वयंपाकघरांतलें. युरोपांत नोकरीची सोय, एवढाच यांतला अर्थ असावा असें मीं ठरवून टाकलें. स्वतः पोटासाठीं समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मनांत पोटापलीकडचें कांहीं असेल, हें लवकर सुचत नाहीं!

कायदा मात्र तिच्या बाजूला होता. इटलीचें नागरिकत्व जन्मस्थळावरून नव्हे, रक्तावरून चालत येई. १९१२ च्या कायद्याचें हें तत्त्व १९९२ च्या कायद्यानेंही राखलें. १८६१ सालीं इटलीचें राज्य एक झालें. त्यानंतर हयात असलेला एक पूर्वज दाखवावा आणि मधल्या कोणत्याही पिढींत सूत्र तुटलें नाहीं हें सिद्ध करावें, म्हणजे झालें. मूल जन्मण्यापूर्वींच बापानें परराष्ट्राची शपथ घेतली असली, कीं सूत्र तुटलें. आईकडून येणारा वारसा तर १ जानेवारी १९४८ पूर्वीं जन्मलेल्यांना कचेऱ्या मानीतच नसत; त्यांना न्यायालयाचा उंबरठा झिजवावा लागे. सूनबाईचें सूत्र सुदैवानें पणजोबा, आजोबा, वडील असें सरळ होतें.

मी सेवानिवृत्त, तेव्हां कागद जमविण्याचें काम माझ्याकडे आलें. प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह, मृत्यु, प्रत्येकावर अपोस्टिलची मोहोर, प्रत्येकाचें भाषांतर. जन्मनोंदींतला जुझेप्पे लग्नाच्या दाखल्यांत जोसेफ होतो आणि शिरगणतींत नुसता ज्यो! आमच्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत निघतात. त्यांत नांवें आयतीं छापलेलीं मिळतात, म्हणून आपल्याला त्यांची किंमत नाहीं.

एके दिवशीं बासिलिकाता प्रांतांतील एका डोंगरी गांवाहून पणजोबांची १८८८ सालची जन्मनोंद आली. शब्दकोश घेऊन मीं ती वाचली. शेतकरी बाप तान्हें मूल घेऊन अधिकाऱ्यापुढें आला. आणि शेवटीं, बापास लिहितां येत नसल्यानें त्याची सही नाहीं. सूनबाईनें तें शेवटचें वाक्य मजकडून दोनदां वाचून घेतलें, आणि कांहीं न बोलतां ती मागल्या अंगणांत जाऊन उभी राहिली.

पणजोबांनीं मात्र सही शिकून घेतली होती. १९१६ सालीं त्यांनीं अमेरिकन होण्याचा इरादा लिहून दिला. इटलीचा राजा तिसरा व्हित्तोरिओ एमानुएले याच्यावरील निष्ठा कायमची सोडण्याचा मजकूर छापील, आणि खालीं वेडींवांकडीं अक्षरें. पण प्रत्यक्ष शपथ घेतली ती १९४१ सालीं! मधलीं पंचवीस वर्षें ते कशासाठीं थांबले असतील? त्या थांबण्यामुळेंच १९१७ सालीं जन्मलेल्या आजोबांपर्यंत सूत्र अखंड राहिलें.

“बाबा, तुम्हीं शपथ घेतलीत तेव्हां तुम्हांला कसें वाटलें?” सूनबाईनें विचारलें.

“सभागृहांत फार गर्दी होती, आणि गाडी कोठें उभी केली आहे हें मला आठवत नव्हतें.”

हें खरें होतें. पण पुरतें खरें नव्हतें. परदेशचें नागरिकत्व घेतांच भारताचें जातें. १९९९ सालीं माझा पासपोर्ट रद्द होऊन परत आला, तेव्हां सौ.नें तो साड्यांच्या घडींत ठेवून दिला. त्याविषयीं आम्ही उभयतां कधींच बोललों नाहीं.

कागद पुरे होत आले, वकिलातीची तारीख तेवढी मिळावयाची होती, तोंच २८ मार्च २०२५ रोजीं रोमच्या सरकारनें वटहुकूम काढला. मे महिन्यांत त्याचा कायदा झाला. आतां साधारणतः आईबाप किंवा आजीआजोबा यांपैकीं केवळ इटलीचाच नागरिक असलेला कोणी दाखवावा लागतो. पणजोबा चालत नाहींत. आणि आजोबा जन्मानेंच अमेरिकनही होते. मला राग आला, हें कबूल करतों. परंतु जेथें कधीं पाऊल टाकलें नाहीं त्या देशाचे मतदार किती जणांनीं व्हावें, हा त्यांचा प्रश्न अगदींच खोटा आहे, असेंही म्हणवेना.

सूनबाई थांबली नाहीं. परवां तिनें त्याच गांवाला पणजोबांच्या आईबापांची विवाहनोंद मागणारें पत्र लिहिलें. आतां कशाला, असें मीं विचारलें नाहीं.

मध्यंतरीं नातवाच्या ओसीआय कार्डासाठीं माझा जुना पासपोर्ट लागला. लहानपणीं चिरंजीवांचें नांव त्यावरच होतें. तें कार्ड म्हणजे खरें नागरिकत्व नव्हे, त्यानें मत देतां येत नाहीं. तरी सौ.नें साड्यांतून पासपोर्ट काढून दिला. सूनबाईनें त्याची प्रत काढली, आणि मूळ पासपोर्ट मला परत न देतां पणजोबांच्या फायलींत ठेवला.