काचेतला समुद्र आणि आपली अमानत

घरात मासे पाळणे आता नवलाचे राहिलेले नाही. गप्पी, मॉली, गोल्डफिश बऱ्याच घरांत दिसतात. पण आमच्याकडे खाऱ्या पाण्यातले मासे आहेत म्हटले की पाहुणे विचारात पडतात. मलकापूरहून मुंबईचा समुद्र सुमारे ५०० किलोमीटर दूर. मग पाणी आणता कुठून?

माझ्या वर्गातली मुले म्हणतात, "मॅडम, आपल्याच जिल्ह्यात खारे पाणी आहे की!" खरे आहे. पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे, लोणारचे सरोवर आहे. पण प्रत्येक खारे पाणी समुद्राचे नसते. लोणारचे पाणी अल्कधर्मी म्हणून प्रसिद्ध आहे, समुद्री माशाला ते सोसणार नाही. स्वयंपाकघरातले मीठही चालत नाही, कारण समुद्रात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच काही असते. त्यासाठी मत्स्यपेटीचे खास मीठ मिळते. आरओच्या पाण्यात ते लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालावे लागते. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोजची घट साध्या गोड पाण्याने भरायची. बाष्पीभवनाचा धडा मुलांना इथे न शिकवता कळतो.

पेटी भरली की लगेच मासा सोडता येत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू पेटीत वाढायला महिना-दीड महिना लागतो. नुसत्या पाण्याकडे पाहत इतके दिवस काढणे ही मुलांसाठी सब्रची परीक्षाच होती.

आमच्याकडे क्लाऊनफिशची जोडी आहे. हा मासा आता पैदास केंद्रांत वाढवला जातो, म्हणून तोच निवडला. अनेक समुद्री मासे प्रवाळातून पकडून आणलेले असतात. काही देशांत तर त्यांना गुंगी आणण्यासाठी पाण्यात सायनाइड फवारतात. त्यात मासे मरतात आणि प्रवाळही.

खाऊ घालण्याचे काम आठवीतल्या मुलीकडे आहे. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. जास्त टाकलेले कुजते आणि पाणी बिघडवते. कधी ती बाटलीत खारे पाणी घेऊन आर्टेमियाची अंडी घालते आणि हवेची नळी सोडते. साधारण २४ तासांत नारिंगी ठिपक्यांसारखी पिल्ले पोहू लागतात. मासे त्यांवर तुटून पडतात.

मध्यंतरी मुलाने मोबाईलवर मँडरिन मासा पाहिला. निळा-नारिंगी, जणू नक्षीकाम केलेला. "अम्मी, हा आणू या ना!" मी माहिती काढली. हा मासा दिवसभर सूक्ष्म कोपेपॉड टिपत फिरतो आणि सुके खाद्य बहुधा तोंडालाही लावत नाही. लहान, नव्या पेटीत तो हळूहळू उपाशी मरतो. त्याचे रंग तसेच दिसतात, पोट मात्र आत जाते. मग मुलाने समुद्रघोड्याचा हट्ट धरला. त्याला जठरच नसते, दिवसातून अनेकदा खायला लागते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.

मुलगा रुसला. मी त्याला हदीसमधल्या त्या बाईची गोष्ट सांगितली, जिने मांजर कोंडून ठेवले, स्वतः खाऊ घातले नाही आणि बाहेर जाऊन खाऊही दिले नाही. त्यासाठी ती शिक्षेला पात्र ठरली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लहानग्या अबू उमैरची त्याच्या चिमणीबद्दल प्रेमाने विचारपूस केल्याचेही हदीसमध्ये आहे. म्हणजे पाळायला मनाई नाही. पण ज्याचे पोट आपण भरू शकत नाही, त्याला कोंडायचा हक्क आपल्याला नाही. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तो समुद्रातच बरा."

ज्यांना अशी पेटी घ्यायची आहे, त्यांनी मासा निवडण्याआधी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. हा काय खातो, आणि ते आपल्या गावात मिळते का? वीज गेल्यावर हवेचा बॅटरीपंप आहे का? मे महिन्याच्या उकाड्यात पाणी २७-२८ अंशांच्या आत राहील का? ईदला किंवा लग्नाला आठ दिवस गावी गेलो, तर खायला कोण घालणार? उत्तरे मिळाली तर जरूर पाळा. रिज्क देणारा अल्लाहच आहे. समुद्रातला मासा तो स्वतः शोधून खातो. काचेतल्या माशापर्यंत मात्र तो आपल्याच हातून पोहोचतो.