पातळ भिंत

वाईकडची हळद सांगलीच्या पेठेत पोहोचविणाऱ्या आमच्या डिझेल पिकअपचे कूलंट जेव्हा जमिनीवर थेंबही न सांडता कमी होऊ लागले, तेव्हा मला इंजिनाच्या चिंतेपेक्षा त्या अदृश्य व्ययाचेच अधिक नवल वाटले. सांगलीच्या मिस्त्रींनी शीतनव्यवस्थेत हवेचा दाब भरून काट्याची घसरण पाहिली, रेडिएटर व नळ्या निर्दोष असल्याची खातरजमा केली, आणि अखेर ईजीआर व्हॉल्व्ह उतरवून आतली ओली काजळी पंचनाम्यातील मुद्देमालासारखी माझ्यापुढे ठेवली.

ईजीआरची रीत अशी: जळलेल्या वायूचा काही अंश पुनश्च इंजिनात धाडून ज्वलनाचे तापमान, आणि त्यायोगे नायट्रोजनच्या ऑक्साइडांची उत्पत्ती, कमी करावयाची. तत्पूर्वी तो वायू निववावयाचा, म्हणून ईजीआरचा कूलर; गळती त्याच्यातच होती. एका अंगाने शेकडो अंशांचा धूर, दुसऱ्या अंगाने कूलंट, आणि मध्ये पोलादी पत्र्याची पातळ भिंत! वर्षानुवर्षे ती तापते, निवते, आणि केव्हातरी चिरते; मग कूलंट धुरात मिसळते. बाहेर मात्र किंचित पांढरी वाफ, तीही सकाळच्या धुक्यात सहज खपून जाणारी. या निमूट झिजण्यात मला उगाच माझ्या काही दिवंगत आप्तांचे चेहरे दिसू लागले.

‘ईजीआरची जोडणीच बंद करून टाकू,’ ही मिस्त्रींची शिफारस मी नामंजूर केली. तो बंदोबस्त स्वस्त खरा, पण इतरांच्या फुफ्फुसांच्या खर्चाने होणारा. नवा कूलर, नवी गॅस्केटे बसली. कूलंट भरून अडकलेली हवा काढली.

तरी कऱ्हाड मागे पडेपर्यंत माझी दृष्टी तापमानाच्या काट्यावरच होती. कूलंट सिलिंडरपर्यंत गेले असेल काय, असे मी निघताना विचारले होते. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “बघू की पुढच्या खेपेला, साहेब.”