गुलमंडीतल्या काकांचं देणं

पीएच.डी.च्या काळात माझी संध्याकाळ छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत, सुपारी हनुमान मंदिराजवळच्या एका सुपारीच्या दुकानात जाई. वह्या लिहायच्या, उधारी मांडायची. शिष्यवृत्ती लांबली की दुकानाचे मालक, आमचे काका, न मागता पुढच्या महिन्याचा पगार हातावर ठेवत. ते पैसे मी फेडले. एका प्रश्नाचं देणं अजून अंगावर आहे.

"काय करायलास रे दिवसभर तिकडं?" त्यांनी एकदा विचारलं. मी ग्राफीन ऑक्साइड सांगितलं. ग्रॅफाइट, सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम परमँगनेट. हमर्स आणि ऑफमन यांनी ही रीत 1958 मध्ये छापली, आपलं विद्यापीठही त्याच सालचं. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की मिश्रण पिवळंधमक होतं, हे ऐकून काका खूश. ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे युरियाबरोबर तापवून त्यांत नायट्रोजन बसवायचा, म्हणजे हायड्रोजनच्या इंधनघटातलं महागड्या प्लॅटिनमचं काम कार्बनकडून करून घेता येईल. पण नायट्रोजन कधी भरपूर बसे, कधी नावाला.

काकांनी अडकित्त्यातलं खांड बोटांत फिरवलं. "बारीक कातरलेलीला मसाला लवकर लागतो. तुझे तुकडे केवढे आहेत?"

तोवर आमचं सगळं लक्ष तापमानावर होतं. एक मायक्रॉन बाजूच्या चौरसाचे शंभर नॅनोमीटर बाजूचे शंभर चौरस केले, तर क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि कड दहापट होते. कडेच्या नायट्रोजनला दोनच कार्बन शेजारी असले तरी चालतं, आत बसायचं तर तीन लागतात. शिवाय कार्बोक्सिल गट कडेलाच असतात, त्यामुळे नायट्रोजनला तिथं शिरायला वाव मिळतो. त्याच्या शेजारचा कार्बन मग ऑक्सिजनला धरतो, प्लॅटिनमचं काम ते हेच.

"मग सगळंच बारीक करून टाक की!"

तसंही जमत नाही. फार बारीक झालं की इलेक्ट्रॉनला तुकड्यामागून तुकडा ओलांडावा लागतो आणि प्रत्येक सांध्यावर वहन घटतं. म्हणून श्राव्यातीत लहरींत द्रावण किती वेळ ठेवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये कोणता थर वेगळा काढायचा, यावर माझ्या प्रबंधाचा सर्वांत सकस भाग उभा राहिला. ऋणनिर्देशात काकांचं नाव मार्गदर्शकांच्या लगेच खाली आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी देशी बस आली, तेव्हा काकांचा फोन आला. "त्यात तुझा नायट्रोजन हाय का?"

"नाही काका, असल्या घटांत अजून प्लॅटिनमच वापरतात."

"मग लाग की कामाला."